मिसर देशाचे घोडे

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एका चिठ्ठीनें मोठा पेंच उभा केला. माझ्या धाकट्या मुलानें एका संस्थेंतील जागेसाठीं अर्ज केला होता, आणि तेथील निवडमंडळावर माझा एक जुना विद्यार्थी आहे असें कळलें. "चार ओळी लिहिल्यात तर काय बिघडलें?" असें सौभाग्यवतींनीं विचारलें. मलाहि कांहीं बिघडेलसें वाटलें नाहीं. मीं चिठ्ठी लिहिली, पाकिटावर पत्ताहि घातला. रात्रीं कौटुंबिक उपासनेंत क्रमानें यशयाचा एकतिसावा अध्याय आला. साहाय्यासाठीं मिसर देशाकडे धांव घेणाऱ्या आणि तेथील घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्या यहूदी मुत्सद्द्यांची संदेष्ट्यानें त्यांत कानउघाडणी केली आहे. वाचीत होता मुलगाच. मीं मान वर केली नाहीं.

यावर चिठ्ठी तत्काळ फाडून टाकली, असें सांगतां आलें असतें तर बरें झालें असतें. ती खणांत पडून राहिली, आणि मी स्वतःशीं वाद घालीत राहिलों.

देवावर भरंवसा ठेवावा, हें वाक्य आम्हां ख्रिस्ती लोकांत फार स्वस्त झालें आहे. ताप आला तरी डॉक्टरकडे जाऊं नये, असा त्याचा अर्थ करणारे भेटतात, आणि आसा राजाचा दाखला देतात. परंतु आसानें वैद्य बोलाविले हा त्याचा दोष नव्हे. दुखण्यांत त्याला परमेश्वराची आठवण झाली नाहीं, हा होय. हिज्कीयाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. इ. स. पूर्व ७०१ मधील अश्शूरी स्वारीच्या सुमारास त्यानें गीहोन झऱ्याचें पाणी यरुशलेमेंत आणण्यासाठीं खडकांतून सुमारें ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदविला. दोन्हीं टोंकांकडून खोदणाऱ्या टोळ्या मध्यें कशा भेटल्या, हें सांगणारा शिलालेख १८८० सालीं तेथेंच सांपडला. पाण्याची ही तरतूद करणाऱ्यांनाच यशया बाविसाव्या अध्यायांत बोल लावतो. मात्र तुम्हीं खणलें कां, असें तो विचारीत नाहीं, खणतांना वर कां पाहिलें नाहीं, असें विचारतो.

आमच्या महाराष्ट्रांत हें कोणाला उमगलें असेल तर पंडिता रमाबाईंना. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, त्यास अमेरिकेंतील मंडळानें दहा वर्षांपुरतें साहाय्य कबूल केलें होतें. मुदत संपण्यापूर्वींच बाईंनीं केडगांवीं जमीन घेतली आणि फळझाडें लावलीं. त्यांतच १८९६-९७ चा दुष्काळ आला. झाडांच्या उत्पन्नावर किती माणसें जगतील, याचा हिशेब करीत न बसतां त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली आणल्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचें चरित्र त्यांनीं वाचलें होतें, आणि मागण्याची त्याची जागा एकच होती. तरीहि केडगांवास विहिरी खोदल्या गेल्या, छापखाना चालला. गुडघे टेकणाऱ्या बाईंनीं हात जोडून बसण्याचा आळस कधीं केला नाहीं.

मग माझी चिठ्ठी ही विहीर कां नव्हे? या युक्तिवादानें दोन दिवस मला चांगली झोंप लागली. पण विहीर खोदणारा कोणाच्या घागरींतलें पाणी घेत नाहीं. त्याच जागेसाठीं दुसऱ्या कोणा मुलानें अर्ज केला असेल. त्याच्या बापाचा विद्यार्थी कोठेंहि नसेल. माझ्या चार ओळी त्या मुलाच्या अर्जावर पडणार होत्या.

आठव्या दिवशीं मीं मुलाला सर्व सांगितलें. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, त्या रात्रीं तो अध्याय वाचतांना पाकीट मला टेबलावर दिसलें होतें. पाठवूं नका, असें म्हणणार होतों. पण जागा जाईल, म्हणून बोललों नाहीं."

निवडीचें पत्र अद्याप आलेलें नाहीं. टपाल येण्याच्या वेळीं सौभाग्यवती दारांत उभ्या असतात. चिठ्ठी खणांतच आहे. पाठविली नाहीं खरी, पण ती फाडण्याचा धीर मला अजून झालेला नाहीं.