अवघड कशाला म्हणावे?

खेळ अवघड की सोपा, हे कशावरून ठरवावे? मोक्षपटावर साप जास्त म्हणून तो अवघड, असे आपण सहज म्हणून जातो. हा पट ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते, म्हणून आम्हां नेवासकरांना त्याचे प्रेम अंमळ अधिकच. पण साप गिळतो तेव्हा घर जाते. डावातून कोणी उठवून लावत नाही.

हे सारे आठवले ते भाच्यामुळे. उन्हाळ्याच्या सुटीत तो आला आणि 'ड्रॅगन क्वेस्ट' ही जपानी खेळमाला मला दाखवू लागला. यात वीराचे सोंग घेऊन मुलूखभर हिंडायचे, राक्षसांशी लढायचे आणि अनुभवाचे गुण जोडत बळ वाढवायचे. १९८६ च्या पहिल्या भागात वीर एकटा आणि शत्रूही एका वेळी एकच. १९८७ च्या दुसऱ्या भागात आपण तिघे, पण शत्रू झुंडीने येतात. १९८८ च्या तिसऱ्यात चौघांची टोळी आपल्या पसंतीने उभी करता येते.

"म्हणजे दुसराच सर्वांत अवघड ना, मामा?"

मी पडलो मास्तर. म्हटले, "अरे, पण हरल्यावर काय होते ते सांग."

वीर पडला की त्याच्या निम्म्या मोहरा जातात; अनुभव मात्र शाबूत राहतो. हे मला फार आवडले. खरी मेख निराळीच होती. जपानात निघालेल्या पहिल्या दोन भागांत खेळ साठवण्याची सोय नव्हती. थांबताना एक मंत्र मिळे. तो वहीत उतरून घ्यायचा आणि पुन्हा बसताना जसाच्या तसा भरायचा. पहिल्या भागात वीस अक्षरे, दुसऱ्यात बावन्नपर्यंत! एक अक्षर चुकले की मंत्र निकामी. राक्षसाला जे नेता आले नाही, ते शुद्धलेखनाने नेले. तिसऱ्या भागापासून बॅटरीची सोय झाली आणि मंत्र गेला.

आमच्या जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. त्यांच्याबरोबर गेलेले पोर उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते, तेव्हा बुडालेले महिने सर्वांना दिसतात. जाण्यापूर्वी ते कोणत्या धड्यापर्यंत, कोणत्या पाढ्यापर्यंत पोहोचले होते, हे कोणाला सांगता येत नाही. मग पुन्हा पहिल्या पानापासून! मोहराही गेल्या आणि अनुभवही.

२०२४ साली तिसरा भाग नव्या रूपात आला. त्यात अवघडपणाच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत सोप्या पायरीवर आपल्यातले कोणी मरतच नाही. एवढी दया मी मागत नाही. पोरांनी हरावे, पडावे, पुन्हा उठावे. त्यातच खेळाची गोडी आहे.

या वर्षी मी एक जाड वही घातली आहे. जाणारे प्रत्येक पोर कोठवर आले होते, ते तीत लिहून ठेवतो. अक्षर जपून काढतो.