पेढ्याचा फोटो कुठून काढायचा?

नववी-दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात ‘जाहिरात लेखन’ असतं. मुलं ते ठरलेल्या साच्यात लिहितात: ‘त्वरा करा!’, ‘भव्य सवलत!’, आणि खाली पत्ता. शब्द भरपूर असतात, पण वस्तू काही डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून मी हा घटक फोटोपासून सुरू करते. आधी एखाद्या पदार्थाचा फोटो काढायचा, मग त्याची जाहिरात लिहायची. घरातला साधा मोबाईल त्यासाठी पुरतो.

माझी नोकरी साताऱ्यात सुरू झाली आणि आता सांगली जिल्ह्यात आहे. त्यामुळे पदार्थांना तोटा नाही. साताऱ्याचे कंदी पेढे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीचं भडंग, हळद, बेदाणे. वाघ्या घेवड्याला आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली, तर सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही मुलांना याच निमित्ताने कळतं.

नियम एकच: एका पदार्थाचे तीन फोटो. एक बरोबर वरून, म्हणजे ९० अंशांतून. दुसरा जेवायला बसल्यावर ताट जसं दिसतं तसा, म्हणजे साधारण ४५ अंशांतून. तिसरा टेबलाच्या पातळीवरून, शून्य अंशातून. कोन मोजायला कंपासपेटीतला कोनमापक घ्यायचा. त्याच्या मध्यबिंदूला दोरा आणि दोऱ्याला नट बांधायचा. हा ओळंबा मोबाईलच्या कडेला चिकटवला की कोन वाचता येतो. गणिताचा तास वेगळा मागावा लागत नाही!

फोटो शेजारी शेजारी ठेवले की मुलं आपणहून बोलायला लागतात. भडंग परातीत पसरून वरून बघितलं तर शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता सगळं वेगवेगळं दिसतं. वाघ्या घेवडाही सुपात पसरून वरूनच चांगला, कारण त्याची ओळख दाण्यावरच्या पट्ट्यांत आहे. पेढ्यांचं उलट. वरून नुसती तपकिरी वर्तुळं दिसतात. खाली वाकलं की रास दिसते, कडेचा खरपूसपणा दिसतो. हळदीचा ढीग वरून म्हणजे पिवळा डाग. खिडकीचा उजेड बाजूने घेऊन खालून काढला तरच ढिगाला उंची येते. बेदाण्याच्या मागून उजेड आला तर तो आरपार चमकतो. आमटीच्या वाटीला मात्र मधला कोन बरा, वाटीही दिसते आणि तर्रीही.

दोन साध्या गोष्टी सांगून ठेवते. फ्लॅश बंद ठेवायचा. आणि मोबाईल वाटीच्या फार जवळ न्यायचा नाही, कारण जवळची कड फुगून मोठी दिसते. एक पाऊल मागे जाऊन थोडं झूम करायचं.

खरा धडा यानंतर सुरू होतो. दोन सारख्या वाट्या घ्या. एक खिचडीने काठोकाठ भरा, दुसरी अर्धी. टेबलाच्या पातळीवरून बघितलं तर अर्ध्या वाटीची खिचडी काठाआड लपते. बरोबर वरून बघितलं तर खोली कळत नाही, दोन्ही जवळपास सारख्याच वाटतात. ४५ अंशांतून मात्र फरक लगेच दिसतो. एका मुलाने विचारलं, “मॅडम, मग पाकिटावरचे फोटो पण असेच काढत असतील?” त्यावर पुढचा अर्धा तास वर्ग थांबला नाही.

एका मुलीची आई चकल्या करून विकते. मुलीने पाव किलो चकल्यांचा फोटो खालून, अगदी जवळून काढला. किलोभर वाटत होत्या. फोटो सुंदर होता, वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण तिनेच तो बाजूला ठेवला. म्हणाली, “आमचं गिऱ्हाईक गल्लीतलंच आहे. उद्या परत तोंड दाखवायचंय.” मग तिने दुसरा फोटो काढला, मधल्या कोनातून, शेजारी चमचा ठेवून. खाली लिहिलं: ‘पाव किलो. घरची चकली. वजन करून घ्या.’ सगळ्या वर्गात सर्वांत चांगली जाहिरात तीच होती.

हाच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली, आणि २०२१पासून ‘पीएम पोषण’ म्हणून ओळखली जाणारी योजना आपण रोज राबवतो. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण आहे. त्याचे फोटोही आपण काढतो. उभं राहून फोटो काढला की ताट हातात धरून मान वर केलेलं मूल मागणाऱ्यासारखं दिसतं. पण राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३नुसार हे जेवण त्याचा हक्क आहे. पंगतीत खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढलेल्या फोटोत तेच मूल मित्राशी बोलत जेवताना दिसतं. ताटात काय आणि किती आहे, यासाठी वेगळा फोटो मधल्या कोनातून काढता येतो. त्यात चेहऱ्याची गरजच नसते. चेहरा घ्यायचा असेल तर पालकांना आधी विचारलेलं बरं.

‘दृष्टिकोन’ हा शब्द फळ्यावर लिहून फोड करायला सांगितली, की मुलं आता अडत नाहीत. कोन हातात धरून बघितलेला असतो.

पालकांनो, रविवारी घरी करून बघा. जेवणातला एक पदार्थ, तीन कोन, आणि प्रत्येक फोटोखाली मुलाने लिहिलेली दोन वाक्यं: यात काय दिसतंय आणि काय लपलंय. दुसरं वाक्य लिहायला मुलाला जरा वेळ लागेल, तेवढा द्या.