शर्यत पुळणीवरची

मु. पो. नागाव,
ता. अलिबाग, जि. रायगड

चि. चिऊस,


तुझं पत्र आणि फोटो मिळाले. अमेरिकेत शार्लटला राहून तू सुट्टी आली की मोटारशर्यतीचा एकेक ट्रॅक गाठतेस, मुलांच्या कानांवर आवाज अडवणारे ते जाड हेडफोन चढवतेस आणि चाळीस-चाळीस गाड्या अंगाला अंग घासत वळताना बघतेस, हे वाचून फार बरं वाटलं. जानेवारीत येशील तेव्हा मुलांना आपल्याकडची शर्यत दाखवायची, असं लिहिलं आहेस. दाखवू की! पण त्याआधी तुला काही सांगायचं आहे, आणि फोनवर ते धड जमत नाही. म्हणून हे पत्र.

डार्लिंग्टनचा ट्रॅक अंड्यासारखा का, याची तू लिहिलेली हकीकत मी इथे चार जणांना सांगितली. ब्रॅसिंग्टन नावाच्या गृहस्थाने शेतजमीन घेतली आणि १९५० साली तिथे धावपट्टी उभी केली. पण जमीनमालकाची अट होती, माझ्या मासळीच्या तळ्याला हात लावायचा नाही. म्हणून एका बाजूचं वळण आवळावं लागलं आणि आजही मोठमोठे ड्रायव्हर त्या वळणाला वचकून असतात. खारेपाटातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. पेण-अलिबागकडे दारातल्या तळ्यातला जिताडा म्हणजे घरची दौलत. त्या तळ्यासाठी इथे रस्तासुद्धा वळवतील, मग शर्यतीचं काय! मला त्या मालकाबद्दल आदरच वाटला.

पण तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं पान डेटोनाचं. तिथल्या उंच, एकतीस अंश कललेल्या वळणांचं तू रसभरीत वर्णन केलं आहेस. मला मात्र त्या स्टेडियमच्या आधीचं डेटोना अधिक जवळचं वाटतं, कारण तुमचा हा सगळा खेळ वाढला तो पुळणीवर. ८ मार्च १९३६ रोजी तिथे रोजच्या वापरातल्या मोटारींची पहिली मोठी शर्यत झाली. अर्धी धाव डांबरी रस्त्यावरून, अर्धी समुद्राच्या कडेने वाळूवरून, एक फेरी साधारण पाच किलोमीटरची. वळणांवर वाळू उकरली जाऊन असे खड्डे पडले की गाड्या रुतू लागल्या आणि ७८ फेऱ्यांची शर्यत ७५ फेऱ्यांवर थांबवावी लागली. गावाच्या नगरपालिकेला त्यात बावीस हजार डॉलरचा खड्डा पडला. त्या दिवशी पाचवा आलेला बिल फ्रान्स हा साधा मेकॅनिक होता. पुढे त्यानेच १९४८ साली नॅस्कार ही संस्था उभी केली. वाळूवरची शेवटची शर्यत १९५८ची, आणि तुझं ते स्टेडियम १९५९चं. म्हणजे वीस-बावीस वर्षं तुमच्या शर्यतीची वेळ भरती-ओहोटी ठरवत होती, जशी आमची आजही ठरवते.

आता आपल्या पुळणीचं ऐक. नागाव, अक्षी, वरसोली, किहीम, तिकडे मुरूडच्या वाटेवर नांदगाव, असे आपले किनारे. शर्यत असते ती बैलगाड्यांची, जोडीला घोडागाड्यांची. पुणे जिल्ह्यात, खेड-जुन्नरकडे, गाडा घाटाच्या चढावर एकेकटा पळतो आणि निकाल घड्याळ देतं. विदर्भात शंकरपट. रायगडच्या किनाऱ्यावर गाड्या बरोबर सुटतात, चाकाला चाक लागेल इतक्या जवळून, आणि पुढे कोण ते डोळ्यांना दिसतं. हे तुमच्या खेळाच्या जास्त जवळचं आहे, आणि मला तरी हीच शर्यत खरी वाटते. घड्याळाशी पळणं वेगळं, शेजाऱ्याशी पळणं वेगळं.

पुळण कशी असते ते तू लहानपणी पाहिलं आहेस, पण शर्यतीच्या नजरेने पाहिलेलं नाहीस. सुरूच्या झाडांखालची वाळू कोरडी, भुसभुशीत, तिच्यात चाक रुततं. अगदी पाण्याजवळची पातळ, तिच्यात खूर फसतो. या दोन्हींच्या मध्ये, पाणी नुकतंच उतरून गेलेला जो पट्टा असतो, तोच धावेचा. तिथे पाऊल टाकलंस की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढरी पडते, मग पुन्हा ओली होते. दाणे पाण्याने एकमेकांना घट्ट धरून असतात. धावत्या बैलाचा खूर तिथे बोटभरही आत जात नाही. जुने गाडीवाले सकाळी अनवाणी चालत हा पट्टा तपासतात, कुठे ओहोळ आला आहे, कुठे शिंपल्यांचा खच आहे ते बघतात. टाचेने ठोकून बघतात. ही परीक्षा कुठल्या पुस्तकात नाही.

आणि वेळ? ती मात्र पंचांगात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, हे आजी तुला सांगायची. त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाच्या सुमारास भरती आणि सहा तासांनी, चारच्या आसपास, पूर्ण सुकती. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच मागे हटतं, पुळण रुंद होते. अष्टमीला भांग असतो. समुद्र धड चढत नाही, धड उतरत नाही, आणि ओहोटी येते ती भर दुपारी बाराच्या उन्हात. तेव्हा बैल पळवणं म्हणजे त्यांचा छळ आहे.

छळ हा शब्द लिहिला, तर त्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण पत्र लिहायला बसलो ते यासाठीच.

ही शर्यत मध्यंतरी बंद होती, ते तुला ठाऊक आहे. २०११ साली केंद्राने खेळ करायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि आपली बैलगाडी शर्यत, दोन्ही बेकायदा ठरवली. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, पण उच्च न्यायालयात तो अडला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. त्या दिवशी इथे गुलाल उधळला गेला. मीही आनंदात होतो. पण निकालातला आनंद सगळ्यांनी घेतला आणि अटी फार थोड्यांनी वाचल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धाव एक हजार मीटरच्या आत. आधी पशुवैद्याचा दाखला. चाबूक, काठी, टोकदार पराणी, विजेचा झटका यांतलं काही चालायचं नाही. जनावराला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद.

अटी कडक आहेत, पण अन्यायाच्या नाहीत. ज्याने बैल पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याला दूध, अंडी, भिजवलेले हरभरे चारले, पहाटे समुद्रात पोहायला नेला, त्याला पराणी लागत नाही. मी सुटायच्या रेषेजवळ उभा राहून बघितलं आहे. चांगली जोडी जू मानेवर येताच थरथरते, कान पुढे करते, वेसण धरलेल्या दोघा जणांना मागे रेटते. गाडीवान फक्त कासरा सैल सोडतो आणि घशातून हाळी देतो. ज्या गाडीवानाला शेपटी पिरगळावी लागते त्याची जोडी तयार नाही, इतकाच त्याचा अर्थ. अशी गाडी पहिली आली तरी माझ्या लेखी ती हरली.

दुसरी गोष्ट गर्दीची. इथे तुला सगळ्यात जास्त धक्का बसेल. तुझ्यासमोर कठडा असतो, त्यावर तारेचं उंच कुंपण. इथे बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना माणसंच कुंपण होतात. गाड्या जवळ आल्या की ते कुंपण आत झुकतं, गाडीपुरती बोळ उरते, आणि शेवटच्या क्षणी फाकतं. एका किनाऱ्यावर मी हातात मोबाइल धरून गाड्यांच्या बरोबरीने मोटारसायकली पळवणारी पोरं पाहिली आहेत. त्या आवाजाने बिचकलेला बैल बाजूला वळला तर तो कुणाच्या अंगावर जाईल याचा विचार कुणाला नव्हता. बैलाला स्टिअरिंग नसतं. त्याला कळतो तो मोकळा रस्ता, आणि तो आपण त्याला देत नाही.

कुंपणसुद्धा नेहमी पुरत नाही, हे तुलाही माहीत आहे. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समध्ये ल माँच्या शर्यतीत एक गाडी उडून प्रेक्षकांत पडली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. मग काही देशांनी मोटारशर्यतीच बंद केल्या. स्वित्झर्लंडने तर कित्येक दशकं त्यांना दारातही घेतलं नाही. तुमच्या डेटोनातही १८ फेब्रुवारी २००१ रोजी शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट हा ड्रायव्हर गेला. त्यानंतर काय झालं ते बघ. त्याच वर्षी मान आणि डोकं धरून ठेवणारं साधन सक्तीचं झालं, पुढे भिंतींना धक्का पिऊन घेणारे कठडे बसले, आणि त्यानंतर नॅस्कारच्या मुख्य मालिकेत शर्यतीत एकही ड्रायव्हर दगावलेला नाही. खेळ तोच राहिला, वेग तोच राहिला. आपल्याकडे बंदीच्या आठवणीने लोक अजून चिडतात. मला वाटतं, चिडण्यापेक्षा हे शिकावं. पुळणीवरच्या शर्यतींच्या काळात डेटोनाला फुकट्यांनी वाळूच्या टेकड्यांवरून आत शिरू नये म्हणून बिल फ्रान्सने विषारी सापांच्या पाट्या लावल्या होत्या म्हणतात. आपल्याला साप नकोत, एक जाड दोरी आणि ती धरून उभे राहणारे गावचे वीस स्वयंसेवक पुरेत. काही गावांनी हे सुरू केलं आहे, तिथे शर्यत बघायला फार सुख वाटतं.

निकालाच्या भांडणांबद्दल एक. पूर्वी पंच म्हणेल ते, आणि मग रात्रभर वाद. आता मोठ्या शर्यतीत कॅमेरा असतो. पण १९५९ साली डेटोनातही ली पेटी जिंकला हे ठरायला तीन दिवस लागले होते, फिल्म बघून. तेव्हा इथे निकालाला तासभर लागला तर पोरांना कुरकुर करू देऊ नकोस.

आता येण्याचं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो धर, मांडव्याला उतरशील, तिथून मी घ्यायला येतो. श्रीवर्धनकडे जायचं मनात असेल तर एक लक्षात ठेव. दिवेआगर, हरिहरेश्वरला त्याच दिवसांत कासवं अंडी घालतात. तिकडे वरच्या वाळूत गाडी घालायची नाही, कुणी घालत असेल तर थांबवायचं.

शर्यतीच्या दिवशी पोरांना टोपी घाल, पाणी बरोबर ठेव, आणि गाड्या सुटायच्या आत सुरूच्या बाजूला, दोरीच्या मागे उभी राहा. संपण्याच्या रेषेजवळ अजिबात जायचं नाही, तिथेच सगळे आत घुसतात. आणि कुणी जनावराला मारताना दिसलं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत, मोठ्याने विचारायचं. परदेशातून आलेली बाई बोलते म्हणून नाही, शर्यत जाणणारी बाई बोलते म्हणून चार माणसं ऐकतील. ही शर्यत कोर्टाने आपल्या हाती परत दिली आहे. ती पुन्हा गेली तर ती बघणाऱ्यांमुळे जाईल, हे मी इथे सगळ्यांना सांगतो, तुलाही सांगतो.

विमानाचं तिकीट काढायच्या आधी कालनिर्णय बघ. पौषातली शुद्ध त्रयोदशी ते पौर्णिमा साध.

तुझा,
मामा