चावी फिरवण्याआधीच्या दोन फेऱ्या

आम्ही सँट्रो घेतली ती जुनीच. कागदपत्रं व्यवस्थित होती, विमा चालू होता, टायरही बरे होते. एकाच प्रश्नाचं उत्तर कुणाकडे नव्हतं : टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला? आधीच्या मालकांना आठवत नव्हतं आणि सर्व्हिसच्या पुस्तिकेत मधली पानं कोरी होती. गाडी एक लाख किलोमीटरच्या जवळ आलेली.

ब्रेक झिजले की करकरतात, क्लच संपत आला की घसरतो, बॅटरी मरायच्या आधी काही सकाळी कुरकुरते. टायमिंग बेल्ट मात्र बहुतेक वेळा काहीही न सांगता तुटतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत एकच नियम पाळावा : नोंद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं धरून चालावं. किलोमीटर कमी असले तरी रबराचं वय होतच असतं, उभ्या गाडीतही.

म्हणजे बेल्ट बदलायचा हे ठरलेलं होतं. कुणी बदलायचा, एवढंच ठरायचं होतं. इंजिन ऑइल, प्लग, ब्रेक पॅड ही कामं मी घरी करते. पण त्या कामांत आणि या कामात फरक आहे. प्लग नीट बसला नाही तर गाडी धडधडते, आपण तो पुन्हा बसवतो. बेल्ट चुकला, तर पुन्हा बसवायला आत धड काही उरेलच असं नाही.

त्याचं कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक होते. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दाते असतात आणि या दोन चाकांना बांधून ठेवतो तो हा दातेरी पट्टा. सँट्रो झिंगच्या १.१ लिटर इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकाला तीन, असे बारा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह खाली येतो आणि पिस्टन वर जातो ती जागा एकच, फक्त वेळा वेगळ्या. ताशी ६० किलोमीटरला, म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर जाताना, क्रँक मिनिटाला अडीच हजार वेळा फिरत असेल, तर एक लाख किलोमीटरमध्ये त्याच्या २५ कोटी फेऱ्या होतात. त्यातल्या एकाही फेरीत वेळ चुकून चालत नाही. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि वेगात असलेले पिस्टन त्यांच्यावर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं. बेल्टच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च तिथे होतो.

‘पुढच्या वेळी साखळीवालं इंजिन घे,’ असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. साखळी टिकते हे खरं आहे. तरी पट्टा आला तो विचार करूनच. १९६२ साली बव्हेरियातल्या ग्लास या लहानशा कंपनीने आपल्या १००४ या गाडीत रबरी दातेरी पट्टा वापरला. १९६६मध्ये फियाटसाठी आउरेलिओ लाम्प्रेदी यांनी केलेल्या दोन कॅमच्या इंजिनातही तो आला. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि त्याला तेल लागत नाही. या सोयीच्या बदल्यात त्याची एकच मागणी असते : मुदतीत बदला.

पैशांचा हिशेब मी आधीच मांडला होता. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तिथे या कामात सामानापेक्षा मजुरी जड पडते, त्यामुळे तो असली कामं सुट्टीच्या दिवशी घरीच उरकतो आणि त्याचे खरोखर पैसे वाचतात. पुण्यात गणित उलटं आहे. नाना पेठेतून बेल्ट, टेन्शनर आणि ऑइल सील आणले. मग टॉर्क पाना आणि गाडी तोलून धरायचे दोन मजबूत स्टँड घेतले, तेव्हा लक्षात आलं की गल्लीतल्या गॅरेजची मजुरी याहून कमी होती. आपल्याकडे पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने पैसे वाचतील या आशेने करू नये. मला ते करायचं होतं ते वेगळ्या कारणासाठी. ज्या भागावर सगळं इंजिन उभं आहे, त्याची अवस्था मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती.

आमच्या गल्लीच्या टोकाला ज्यांचं गॅरेज आहे त्या मिस्त्रींना मी आधी विचारलं. गिऱ्हाईक हातचं जातंय म्हणून ते नाराज होतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, ‘करा ना ताई. फक्त चावी फिरवायच्या आधी मला हाक मारा.’ मी म्हटलं, तपासायचे पैसे घ्यावे लागतील. त्यांनी मान हलवली. आमचा करार तेवढाच.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. चाक आणि आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं. चारही प्लग काढून ठेवले, म्हणजे आत दाब साठत नाही आणि इंजिन हाताने सहज फिरतं. मग अल्टरनेटर, एसी आणि स्टिअरिंगचे बेल्ट उतरवले. सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो क्रँक पुलीच्या बोल्टने. मुलगा गाडीत बसून पाचव्या गिअरमध्ये ब्रेक दाबून होता आणि मी टॉमीला लांब पाइप चढवून जोर लावत होते. काही जण पाना कुठेतरी अडकवून स्टार्टर मारतात आणि बोल्ट सोडवतात. पाना निसटला तर माणूस जखमी होतो, त्यामुळे ती वाट मी विचारातही घेतली नाही.

कव्हर निघालं आणि बेल्ट दिसला. त्याच्या पाठीवर टाचेला पडाव्यात तशा बारीक भेगा होत्या, कडेचे धागे सुटायला लागले होते. कॅमच्या सीलजवळ ओलसर तेल होतं. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि नवा बेल्टही लवकर जातो. म्हणून सील बदलणं हा या कामाचाच भाग. टेन्शनर बोटाने फिरवला तर बेअरिंग खरखरत होतं. नुसता बेल्ट बदलून कव्हर लावलं असतं, तर त्या बेअरिंगने नव्या बेल्टचा घात केला असता.

जुना बेल्ट उतरवण्याआधी पहिला सिलिंडर वर आणला. क्रँकच्या चाकावरची खूण बॉडीवरच्या खुणेसमोर, कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खुणेसमोर. त्यांचे फोटो काढले, व्हाइटनरने ठिपके दिले. नवा बेल्ट हातात घेतल्यावर तो दुमडायचा किंवा पिळायचा नाही. आत काचेच्या तंतूंच्या दोऱ्या असतात, त्या मोडल्या तर बाहेरून दिसतही नाही. बेल्ट आधी क्रँकवर चढवला, मग टेन्शनर नसलेली बाजू ताठ ठेवत कॅमवर नेला, म्हणजे सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आली. मग टेन्शनर सैल केला आणि स्प्रिंगने बेल्ट ताणून घेतला.

यानंतरचं काम सगळ्यांत मोलाचं. क्रँकच्या बोल्टला गोटी पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, सावकाश पूर्ण दोन फेऱ्या फिरवायच्या. दोनच का, तर तेव्हाच कॅमची एक फेरी पूर्ण होते आणि सगळ्या खुणा मूळ जागी यायला हव्यात. खुणा एका दाताने जरी सरकल्या असतील, तरी बेल्ट उतरवून पुन्हा चढवायचा. फिरवताना कुठे काही कठीण लागलं तर तिथेच थांबायचं. आत काही अडलं तर हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही. म्हणून ही तपासणी हातानेच होते.

माझ्या खुणा जुळल्या आणि मी मिस्त्रींना हाक मारली. त्यांनी माझे फोटो पाहिले नाहीत, ठिपक्यांवरही विश्वास ठेवला नाही. मूळ खुणा बॅटरीच्या उजेडात बघितल्या, स्वतः दोन फेऱ्या फिरवल्या, अंगठ्याने बेल्टचा ताण पाहिला, टेन्शनरचे बोल्ट पुन्हा तपासले. मग म्हणाले, ‘आता लावा प्लग.’ इंजिन चालू झालं तेव्हा मी आनंदले, पण माझी काळजी मिटली होती ती त्याआधीच, त्यांच्या दुसऱ्या फेरीच्या शेवटी. तपासायचे पैसे त्यांनी घेतले, आणि मला ते देताना फार बरं वाटलं.

पुढे घरातल्या डस्टरची पाळी आली तेव्हा ती मी गॅरेजला दिली. तिच्या दीड लिटर डिझेल इंजिनात हाच बेल्ट डिझेलचा उच्च दाबाचा पंप आणि वॉटर पंपही फिरवतो. क्रँक आणि कॅम जागेवर धरायला खास पिना लागतात. ती हत्यारं रोज वापरणाऱ्या माणसाच्याच हातात तिथे इंजिन द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मात्र गाडी देताना काय मागायचं ते मला आता ठाऊक होतं. नुसता बेल्ट नको. टेन्शनर, आयडलर, आणि पंप याच बेल्टवर असेल तर पंपही एकदमच बदला, कारण कव्हर पुन्हा उघडायची मजुरी तेवढीच पडते. जुने भाग माझ्या हातात द्या. बिलावर पार्ट नंबर आणि किलोमीटर लिहा, आणि तारखेची चिठ्ठी इंजिनाच्या कव्हरवर चिकटवा, म्हणजे पुढच्या मालकाला कोरी पानं बघावी लागणार नाहीत. आणि चावी फिरवायच्या आधी दोन फेऱ्या हाताने फिरवा, मी थांबते. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही, कारण तो त्या फिरवतोच.

कुणी मला विचारलं, स्वतः करू की मेकॅनिकला देऊ, तर मी आधी त्यांचं इंजिन कोणतं ते विचारते. साधं पेट्रोल इंजिन असेल, हातात मोकळा दिवस असेल आणि शेवटी तपासायला जाणतं माणूस जवळ असेल, तर जरूर करा. गाडी तुम्हाला आतून कळेल. यातलं काही कमी असेल, तर निःसंकोच मजुरी मोजा आणि ती मोजताना घासाघीस करू नका. घाईत असलेला माणूस सगळ्यांत आधी गाळतो ती त्या दोन फेऱ्यांची तपासणीच, आणि आपण दिलेल्या मजुरीत सर्वांत जास्त किंमत तिचीच असते.