मामाने दिलेले कपडे

लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीत ११ नंबरला ‘हंट्समन’ नावाचं शिंप्याचं जुनं दुकान आहे. ‘किंग्समन : द सिक्रेट सर्व्हिस’ या सिनेमातल्या गुप्तहेरांचा अड्डा या दुकानावर बेतलेला आहे. दर्शनी भागात कापडाचे तागे, गळ्यात टेप अडकवून अदबीनं उभा असलेला वयस्कर माणूस. आणि आतल्या खोलीत माप द्यायला उभं राहून आरशावर तळवा टेकवला की पायाखालची जमीन खाली जाऊ लागते. दुसऱ्या एका खोलीत भिंतीआड छत्र्या, बूट, लायटर मांडून ठेवलेले. छत्री उघडली की गोळ्या अडवते. टाचेवर टाच आपटली की बुटाच्या टोकातून विषारी पातं बाहेर येतं.

ही सगळी गंमत मला आवडली, पण त्याहून आवडलं ते दुकान शिंप्याचं असणं. गुप्तहेराचं पहिलं हत्यार म्हणजे त्याचा वेष. तरी गुप्तहेरांच्या गोष्टींत तो वेष कुठून आला हे फारसं कुणी सांगत नाही. नायक पडद्यावर येतो तो सूट घालूनच येतो. तो सूट त्याला कुणी दिला, पहिल्यांदा घातला तेव्हा काखेत आवळला का, आरशात स्वतःला पाहून तो बावरला का, हे विचारायला कथेला सवड नसते. इथं सवड आहे.

सिनेमा २०१५ साली प्रदर्शित झाला. दिग्दर्शक मॅथ्यू वॉन. मी तो नंतर कधीतरी खातेगांवच्या घरी, उन्हाळ्याच्या दुपारी, मोबाइलवर पाहिला. त्यातला खलनायक, रिचमंड व्हॅलेंटाइन, बोबडं बोलतो, त्याला रक्त पाहवत नाही, पाहुण्यांना तो चांदीच्या ताटात बर्गर वाढतो. आणि जगभरच्या लोकांना फुकट सिमकार्ड वाटतो. ठरल्या क्षणी त्या सिममधून लहरी सुटणार, माणसं एकमेकांच्या नरडीला लागणार आणि पृथ्वीवरची गर्दी आपोआप कमी होणार, असा त्याचा बेत. आपल्याकडे फुकट सिमसाठी रांगा लागल्या त्या या सिनेमानंतर. हे लक्षात आलं तेव्हा मी तो भाग मागे नेऊन पुन्हा पाहिला.

चर्चमधली हाणामारी मात्र मला जड गेली. गुप्तहेर हॅरी हार्ट हा सभ्यपणाचा मूर्तिमंत नमुना, कॉलिन फर्थनं तो फार आत्मीयतेनं उभा केला आहे. त्या लहरींच्या अमलाखाली तोच हॅरी समोर येईल त्याला मारत सुटतो. सूट अंगावर तसाच आहे, शिवण कुठं उसवलेली नाही, पण आतला माणूस निघून गेलेला. विनोदी सिनेमात इतकं काळं काही घालण्याची हिंमत लागते. लोक त्या प्रसंगाला टाळ्या वाजवतात. मला वाटतं तिथं गप्प बसायला हवं.

या सिनेमाचं मूळ एका चित्रकादंबरीत आहे. स्कॉटलंडचा लेखक मार्क मिलर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांची ‘द सिक्रेट सर्व्हिस’, २०१२-१३ मध्ये सहा अंकांत आलेली. ‘वॉचमेन’ची चित्रं काढणारे तेच हे गिबन्स. मी सिनेमा आधी पाहिला, पुस्तक नंतर मिळवलं. आणि पुस्तकात मला मामा भेटला.

गॅरी नावाचा पोरगा, लंडनच्या गरीब वस्तीतला. आईनं धरलेला माणूस हात उगारणारा. पोरगा हुशार, पण टोळक्यात रमलेला. चोरलेली गाडी उडवताना पोलीस पकडतात आणि त्याला सोडवायला येतो तो आईचा भाऊ, जॅक. नीटनेटका, कमी बोलणारा, घरातल्या कुणालाही ज्याचा खरा व्यवसाय ठाऊक नाही असा. बहिणीच्या घरची दशा त्याला दिसते. आपण त्या वस्तीतून वर आलो आणि बहीण तिथंच राहिली, हा सल त्याच्या मनात आहे. म्हणून तो भाच्याला उचलतो आणि आपल्या खात्यात शिकायला घालतो. जग वाचवण्याचा भाग पुढे येतो. आधी वाचवायचा असतो तो बहिणीचा मुलगा.

सिनेमात हा मामा नाही. तिथं गॅरीचा बाप १९९७ साली एका मोहिमेत हॅरीचे आणि साथीदारांचे प्राण वाचवताना मेलेला आहे, आणि हॅरी त्या ऋणापोटी मुलाकडे लक्ष ठेवतो. पडद्याला हे सोयीचं आहे. ऋण एका दृश्यात दाखवता येतं, एक पदक मुलाच्या हातात ठेवलं की झालं. मामाचं नातं दाखवायला वर्षं लागतात. पण ऋण फिटतं. मामा कधी फिटत नाही. माझ्या मते रूपांतरात सिनेमानं विनोद कमावला, वेग कमावला, स्त्रीपात्रांना बळ दिलं (धातूच्या पात्यांच्या पायांची गझेल पुस्तकात पुरुष आहे, पडद्यावर ती सोफिया बुटेलानं अविस्मरणीय केली), आणि या सगळ्याच्या मोबदल्यात गोष्टीचं काळीज थोडं हलकं करून घेतलं.

मामा काय असतो ते खातेगांवसारख्या गावात वाढलेल्या मराठी मुलाला सांगावं लागत नाही. हे गाव देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, इंदूर-बैतूल रस्त्यावर. आता तहसील आहे, पूर्वी होळकरांच्या राज्यात. होळकरांच्या कारभाराबरोबर मराठी घरं या भागात पसरली. घरात मराठी, ओट्यावर माळवी, शाळेत हिंदी, असं आमचं बोलणं. दहावी झाली की पुढचं शिक्षण इंदूरला, आणि इंदूरला म्हणजे मामाकडे. बस कन्नौद, चापडा, डबल चौकी करत घाट चढून जायची. मामाचं घर दोन खोल्यांचं. त्यात आपली तीन माणसं असताना भाच्याची वळकटी कुठं टाकायची, हा प्रश्न मामीनं कधी मोठ्यानं विचारला नाही.

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात मामा मला एम. टी. क्लॉथ मार्केटात घेऊन गेला. महाराजा तुकोजीरावांच्या नावाचा तो कापडबाजार. अरुंद गल्ल्या, पांढऱ्या गाद्या, दुकानदार तागा असा झटक्यात उलगडतो की कापड लाटेसारखं येऊन गुडघ्यावर पडतं. मामानं पँटपीस बोटांत चुरगळून पाहिला, उजेडात नेऊन पाहिला, भाव केला. मग शिंप्याकडे. शिंप्यानं नाप घेताना मी खांदे पाडून उभा होतो, तर मामा एवढंच म्हणाला, “सरळ उभा राहा. तू जसा उभा राहशील तसं तो शिवेल.” पुढे त्यानं मला बरंच शिकवलं. साहेबांच्या खोलीत जाण्याआधी दारावर टकटक कशी करायची, चहाचा कप बशीत न वाजवता कसा ठेवायचा, येत नसलेल्या प्रश्नाला येत नाही असं निर्भय कसं सांगायचं. मुंजीत काशीला निघालेल्या बटूला वाटेतून परत आणतो तो मामा, लग्नात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. एका दारातून दुसऱ्या दारात नेण्याचं काम आपल्याकडे त्याच्याकडेच सोपवलेलं आहे. गॅरीच्या मामाचं काम याहून वेगळं नाही.

मिलरला ही कल्पना सुचली ती एका खऱ्या हकिकतीवरून. १९६२ साली जेम्स बाँडचा पहिला सिनेमा, ‘डॉ. नो’, बनत होता. नायक शॉन कॉनरी हा एडिंबराच्या कामगार वस्तीतला, एके काळी दुधाच्या बाटल्या पोचवणारा. त्याला उंची माणसासारखं वावरायची सवय नव्हती. दिग्दर्शक टेरेन्स यंग त्याला आपल्या शिंप्याकडे घेऊन गेला, बरोबर जेवायला बसवून काटे-चमचे शिकवले, सूट अंगात मुरावा म्हणून तो घालून झोपायला सांगितलं. बाँड म्हणून जगानं जो माणूस डोक्यावर घेतला तो आधी असा कुणाच्या तरी हाताखाली घडला. यंगचं नाव आज किती जणांच्या तोंडी आहे?

वेष देणारी माणसं कथेतून अशी गळतात. खातेगांवजवळच्या एका गोष्टीतही ती गळली आहेत, आणि मला मुळात बोलायचं आहे ते त्या गोष्टीबद्दल.

गावापासून थोड्या अंतरावर नेमावर. तिथं नर्मदेच्या काठी सिद्धनाथाचं परमारकालीन मंदिर, समोरच्या काठावर हंडिया, आणि मधल्या पात्रात नर्मदेची नाभी मानलेलं कुंड. पश्चिमेला सतवास, कांटाफोड, त्यामागे सागाचं जंगल. दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा पट्टा पेंढाऱ्यांचा पुढारी चितू याच्या दहशतीखाली होता. त्याच सुमारास नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांशी लढून हरले होते. नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई, पुढच्या वर्षी गादी गेली, आणि कंपनी सरकारच्या पहाऱ्यात त्यांची रवानगी अलाहाबादकडे झाली. मे १८१८. जबलपूरजवळच्या मुक्कामी एका रात्री हा राजा नाहीसा झाला. पहाऱ्यातलेच काही शिपाई त्याला मिळाले होते. अंगावर शिपायाचा पोशाख चढवून तो छावणीतून सरळ चालत बाहेर पडला. बिछान्यात उशी ठेवली होती आणि सकाळपर्यंत राजा निजला आहे असंच सगळे समजत होते, असं सांगतात.

हा प्रसंग वाचताना मला दर वेळी हसू फुटतं आणि दर वेळी छातीत धडधडतं. विनोद आणि धोका एकाच क्षणी एकत्र येतात तेव्हा गुप्तहेरांची गोष्ट खरी रंगते. इथं तर राजा शिपायाचं सोंग घेतो, आणि साम्राज्याचा पहारा उशीवर बसतो.

तिथून अप्पासाहेब महादेवाच्या डोंगरांत, पचमढीच्या बाजूला गेले. गोंड सरदारांनी आसरा दिला. चितूही येऊन मिळाला. १८१९ च्या सुरुवातीला दोघं असीरगडाकडे गेले. गडावर अप्पासाहेबांना घेतलं, चितूला दार उघडलं नाही. चितू पुन्हा आपल्या ओळखीच्या सतवासच्या जंगलाकडे वळला, एकटा पडत गेला, आणि तिथं त्याला वाघानं मारलं. रानाच्या कडेला त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिरातल्या पिशवीत अडीचशे रुपये, मोहरेच्या अंगठ्या, आणि अप्पासाहेबांची पत्रं, पुढे मोठं बक्षीस देऊ असं वचन देणारी. जॉन माल्कमनं हे सगळं आपल्या मध्य भारताच्या वृत्तांतात नोंदवून ठेवलं आहे. अप्पासाहेब मात्र पुन्हा निसटले, या वेळी फकिराच्या वेषात. उत्तरेकडे पंजाबपर्यंत भटकले आणि अखेर जोधपूरच्या आश्रयानं राहून १८४० मध्ये वारले. इंग्रजांच्या हाती ते पुन्हा लागले नाहीत.

पळालेला राजा, फितलेला पहारा, गुप्त पत्रं, नदी, किल्ला, वाघ. याहून अधिक काय हवं? आमच्या पिढीनं ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये वेताळ आणि मॅण्ड्रेक मन लावून वाचले. आफ्रिकेतलं ते कल्पित जंगल आम्हाला पाठ होतं, आणि सतवासच्या जंगलात खरोखर घडलेलं चित्रात पाहायला मिळालं नाही. बहिर्जी नाईकांच्या वेषांतरांच्या कथा महाराष्ट्रातल्या मुलांना निदान ऐकायला तरी मिळतात. नर्मदेकाठच्या मराठी मुलांच्या वाट्याला त्यांच्या नदीची गोष्ट आली नाही.

चित्रकार आपल्याकडे कमी नव्हते आणि नाहीत. १९२७ साली देवळालीकर मास्तरांनी इंदूरला चित्रकलेची शाळा उभी केली. बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर तिथं शिकले. आज इंदूर-देवासात, पुण्या-नागपुरात चित्रकथेचं काम जाणणारी तरुण मुलं आहेत. त्यांना माझी विनंती आहे. अप्पासाहेबांची पळापळ चित्रकादंबरीत आणा. नेमावरचा घाट, हंडियाचा काठ, सागाची रानं प्रत्यक्ष येऊन पाहा. राहायची-जेवायची सोय आम्ही खातेगांवकर करू. आणि सुरुवात राजापासून करू नका. त्या रात्री ज्या शिपायानं आपला पोशाख उतरवून राजाच्या हाती दिला, त्याच्यापासून करा.