ताबा मिळाला असं लिहून द्या

‘खरेदीदारास सदनिकेचा ताबा आजरोजी समाधानकारकरीत्या मिळाला असून विलंबाबाबत त्याची कोणतीही तक्रार वा मागणी राहिलेली नाही.’

हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. जून २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात बिल्डरच्या ऑफिसात हा कागद माझ्यापुढे आला, तेव्हा इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मिळालेलं नव्हतं. लिफ्टची तपासणी झालेली नव्हती, पाणी टँकरचं होतं. आणि तीस तारखेला आम्हाला भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. हे त्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कागद नेमका त्या आठवड्यात निघाला, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते.

आधीचं थोडक्यात सांगते. डोंबिवली पूर्वेला आम्ही बरीच वर्षं भाड्याने राहत होतो. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, तो संपला की पुढचे अकरा महिने. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारची मुद्रांक शुल्कातली तीन टक्क्यांची सवलत संपत आली होती, तिच्या आत कल्याण पश्चिमेला टू बीएचके घेऊन करार नोंदवला. करारात ताब्याची तारीख होती ३१ डिसेंबर २०२२. ती टळली. बँकेने तोवर बहुतेक सगळं कर्ज बिल्डरला दिलेलं, त्यामुळे हप्ता आणि भाडं दोन्ही चालू. त्यात मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि आमच्या कर्जाचं व्याजही त्याच्यामागून चढलं. मार्चमध्ये बिल्डरचा मेल आला: ओसी मेमध्ये, ताबा जूनच्या आत. आमचा भाडेकरार ३० जूनला संपत होता. इतकं जुळून आलेलं पाहून आम्ही घरमालक काकांना सांगून टाकलं की यंदा करार वाढवायचा नाही.

काकांनी लगेच आपल्या मुलीला कळवलं. ती बंगळुरूहून तान्ह्या बाळाला घेऊन परत येणार होती, तिला ते घर हवंच होतं. मेअखेर ओसी आलं नाही. ‘अग्निशमनची ना-हरकत राहिलीये मॅडम, आठ दिवसांत होईल,’ असं उत्तर मिळालं. आठ दिवसांनी तेच उत्तर. मग मी काकांकडे दोन महिने मागायला गेले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मुदत संपल्यावर राहिलात तर कायद्याने दुप्पट भाडं लागतं. ते मला मागायला लावू नका.’

घरी येऊन मी रडले. इतक्या वर्षांत एकदाही भाडं थकवलं नाही, घर स्वतःचं असल्यासारखं ठेवलं, त्यांच्या आजारपणात रात्री आम्ही हॉस्पिटलात बसलो, आणि आता हे? त्यांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ तेच सांगतं: परवान्याची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याने दुप्पट दराने भरपाई द्यायची. त्याचा उशीर कुणामुळे झाला, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आणि मग तो कागद.

बिल्डरच्या माणसाने आमची अडचण फोनवर ऐकली होती. ‘या ना ऑफिसला, किल्ली देऊन टाकू,’ म्हणाला. आम्ही दोघं अर्धा दिवस रजा टाकून गेलो. टेबलावर किल्ल्यांचा जुडगा ठेवलेला, त्याला आमच्या फ्लॅटच्या नंबरचा बिल्ला. शेजारी दोन कागद. पहिल्यात लिहिलं होतं की ताबा फर्निचरच्या कामापुरता दिला आहे, ओसी येण्याआधी आम्ही राहायला जाणार नाही, गेल्यास सर्व जबाबदारी आमची. दुसऱ्यात ते वर दिलेलं वाक्य. म्हणजे एका कागदाने ताबा दिलेला नाही आणि दुसऱ्या कागदाने पूर्ण ताबा मिळालेला आहे. शिवाय शेवटच्या पाच टक्के रकमेचा चेक आत्ताच द्या. करारानुसार ती रक्कम ओसी आल्यावर द्यायची होती.

मी विचारलं, राहायचं नाही तर मग तीस तारखेला आम्ही कुठे जायचं?

‘मॅडम, लिहिलंय तसं. बाकी राहतात सगळे. दोन फॅमिली आल्यात ऑलरेडी.’

मी म्हटलं, विलंबाचं वाक्य काढा, बाकीचं बघू. तो म्हणाला, फॉरमॅट वरून येतो. मी म्हटलं, मग खाली माझ्या हाताने लिहिते की ओसी नसताना आणि व्याजाचा हक्क राखून किल्ली घेतली. त्याने कागद हलकेच स्वतःकडे ओढून घेतला. नवऱ्याने फोटो काढायला मोबाइल उचलला, तर ‘फोटो नाही काढायचा सर, सही झाल्यावर कॉपी मिळेल.’ किल्ल्या तिथेच होत्या, हाताच्या अंतरावर. बाहेर पाऊस सुरू झालेला. नवरा हळू आवाजात म्हणाला, ‘सही करून टाकूया का? आईला कुठे नेणार आपण?’ त्याचं चुकत नव्हतं. सासूबाईंचं वय पंच्याहत्तरच्या पुढे, मुलगी नववीत.

मी सही केली नाही. दोन कारणं होती. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताबा लांबला तर खरेदीदाराला लांबलेल्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं, महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरच्या वर दोन टक्के. त्या एका ओळीने आम्ही तो हक्क सोडून देणार होतो. दुसरं कारण भीती. १९६३ चा मोफा कायदा ओसीशिवाय ताबा द्यायला मनाई करतो तशी घ्यायलाही करतो. आणि आम्ही डोंबिवलीत राहणारे. बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या पासष्ट इमारतींचं प्रकरण आमच्या शहरात आदल्याच वर्षी उघडकीला आलं होतं. आयुष्यभराची कमाई घातलेली ती माणसं आम्ही रस्त्यावर पाहिलीत. आमचा बिल्डर तसा होता असं नाही. पण महापालिकेचा एक कागद आल्याशिवाय सासूबाईंना सातव्या मजल्यावर न्यायची माझी तयारी नव्हती.

त्या सही न करण्याची किंमत घरातल्या सगळ्यांनी भरली. दोन-तीन महिन्यांसाठी घर कोणी देत नाही. एजंट पूर्ण दलाली मागतात, डिपॉझिट वेगळं. सामान भिवंडीच्या गोदामात गेलं, सासूबाई नणंदेकडे नाशिकला, आम्ही तिघं बदलापूरला माझ्या दादाकडे. दादा-वहिनींनी स्वतःची बेडरूम आम्हाला दिली आणि ती दोघं हॉलमध्ये झोपली, याचं ओझं मला अजून वाटतं. मुलगी सकाळच्या लोकलने डोंबिवलीच्या शाळेत जायची. १९ जुलैला उल्हास नदी फुगली, अंबरनाथ–बदलापूर गाड्या बंद पडल्या, आणि ती मैत्रिणीबरोबर कल्याण स्टेशनात अडकली. त्या संध्याकाळी नवरा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मुलगी त्या रात्री मैत्रिणीच्या घरी राहिली.

सासूबाईंना मुलीच्या घरी इतके दिवस राहणं जड जात होतं. फोनवर रोज एकच प्रश्न, ‘कधी गं?’ मध्येच अधिक श्रावण आला, तेव्हा म्हणाल्या, आता महिनाभर तसाही मुहूर्त नाही, घाई करू नका. माझा त्रास कमी व्हावा म्हणून त्या तसं म्हणाल्या, हे मला नंतर कळलं.

ओसी आलं ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, भर पितृपक्षात. पंचांग मी फारसं मानत नाही, तरी मलाच वाटलं, एवढं थांबलो तर घटस्थापनेपर्यंत थांबू. कायद्याने ओसीनंतर दोन महिने हातात असतात. सासूबाईंनी ऐकलं नाही. जन्मभर राहुकाळ बघून बाहेर पडलेली बाई म्हणाली, ‘माझ्या सासऱ्यांनी भाड्याच्या खोलीत जन्म काढला. त्यांना काय वाईट वाटायचंय आपण घरात गेलो तर?’ सर्वपित्रीच्या आधीच आम्ही राहायला गेलो. ताबापावतीवर या वेळी मी ओसीचा क्रमांक आणि ‘विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून’ हे शब्द लिहिले. ओसी हातात असल्यावर ते लिहू न देण्याइतका जोर त्यांच्यात उरला नव्हता.

काकांबद्दल माझं मन आता तसं राहिलेलं नाही. घर सोडलं त्याच संध्याकाळी त्यांनी डिपॉझिट पूर्ण परत केलं, रंगाचे, खिळ्यांच्या भोकांचे पैसे कापले नाहीत. त्यांनी मार्चमध्ये शब्द घेतला आणि जूनमध्ये तो पाळायला लावला, यात त्यांचा काय दोष? तरी कधी बाजारात दिसले की माझी पावलं वळतात. दोन महिने दिले असते तर, हे मनातून जात नाही. दोन्ही खरं आहे.

कोणी विचारलं तर मी सांगते, घरमालकाशी करार करताना ‘एक महिन्याची सूचना देऊन महिना-महिना वाढवता येईल’ असं कलम घालून घ्या, त्यासाठी थोडं जास्त भाडं पडलं तरी चालेल. आणि बिल्डरच्या मेलवर नव्हे, ओसी हातात पडल्यावरच घर सोडायचं सांगा. पण हा सगळा भार खरेदीदारानेच का उचलायचा? भाडेकरू एक महिना जास्त राहिला तर दुप्पट दराची भरपाई कायद्यात लिहूनच ठेवलेली आहे. बिल्डर नऊ महिन्यांहून जास्त उशीर करतो, आणि व्याजासाठी आम्ही महारेराकडे पाच हजार रुपये शुल्क भरून तक्रार करायची, वकील शोधायचा, तारखांना रजा टाकायच्या. आमची तक्रार दाखल आहे.

जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डर सभासदांना नवं घर ताब्यात देईपर्यंत भाडं देतो. ते करारातच असतं. मग नव्या खरेदीदाराला का नाही? करारातली तारीख टळली की पुढच्या महिन्यापासून खरेदीदाराचं चालू भाडं बिल्डरने थेट भरावं, तक्रारीची वाट न पाहता, एवढी तरतूद महाराष्ट्राच्या नमुना करारात व्हायला हवी.