तुलनेचा निकष

तुलना हा आम्हां साहित्याच्या शिक्षकांचा आवडता उद्योग. केशवसुत आणि मर्ढेकर, गंगाधर गाडगीळ आणि अरविंद गोखले. प्रश्नपत्रिकेत ‘तुलना करा’ एवढेच छापलेले असते, निकष सांगितलेला नसतो. निकष बदलला की उत्तरच बदलते, हे मला सर्वांत स्पष्ट उमगले ते साहित्याबाहेर, माझ्या मामांच्या अल्सरच्या निमित्ताने.

मामा केज तालुक्यातले. वीस वर्षे दिवाळीच्या सुमारास मामा-मामींचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांकडे जाई. पहाटेपासून फडात, जेवण मिळेल तेव्हा, आणि मोळ्या वाहून धरलेल्या कंबरेसाठी रोज वेदनाशामक गोळी. पोटात आग पडली की आमच्याकडे तिला एकच नाव : पित्त. त्यावर आधी खायचा सोडा, मग गुलाबी पातळ औषध, मग रॅनिटिडिन, शेवटी ओमेप्राझोल. मामांचा अभिप्राय ठरलेला असे : “सोड्यानं लगीच बरं वाटतंय, पण टिकत न्हाई.”

हा अभिप्राय शास्त्राला धरूनच होता. सोडा जठरात आधीच स्रवलेले आम्ल मारतो. नवे आम्ल तयार होतच राहते. जेम्स ब्लॅक यांनी प्रश्न एक पायरी मागे नेला : आम्ल स्रवणाऱ्या पेशीपर्यंत हिस्टामिनचा निरोप पोचूच नये. त्यातून १९७६ मध्ये सिमेटिडिन बाजारात आले, १९८१ मध्ये रॅनिटिडिन. १९८८ च्या नोबेल पुरस्कारात ब्लॅक यांचा वाटा होता. परंतु त्या पेशीला निरोप देणारे हिस्टामिन एकटेच नाही. १९८८ मध्ये आलेल्या ओमेप्राझोलने निरोपांचा नाद सोडला आणि आम्ल बाहेर टाकणारा पेशीतला पंपच बंद केला. व्रण किती लवकर भरतो, या निकषावर ते रॅनिटिडिनच्या पुढे आहे. मात्र पंप चालू होण्याच्या बेतात असतानाच ते नीट लागू पडते, म्हणून जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायचे. ज्याला जेवणाची वेळच ठाऊक नाही, त्याने हा अर्धा तास कुठून मोजावा?

आता निकष बदलू. जखम पुन्हा होते का, असे विचारले तर ही सारी औषधे एकाच रांगेत उभी राहतात. केवळ आम्ल कमी करून भरलेला व्रण, औषध थांबल्यावर अनेकांना पुन्हा होतो. याचे एक मोठे कारण ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये शोधले : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन पाहिला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. जंतू असेल तर आम्लरोधकाबरोबर प्रतिजैविकेही द्यावी लागतात. दुसरे मोठे कारण मामांच्या खिशात होते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी जठराचे संरक्षक अस्तर दुबळे होते.

एका उन्हाळ्यात, पट्टा पडून मामा गावी परतले ते घेरी आणि डांबरासारखी काळी शौच घेऊनच. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण दिसला, जंतूही सापडला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी पित्ताच्या गोळीचे नाव विचारलेच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, “कंबरेसाठी काय घेता, बाबा?” तोवर हे कुणीच विचारले नव्हते. आग शमत होती, म्हणून जखमेचा संशय कुणाला आला नव्हता. ‘पित्त’ या आपल्या जुन्या शब्दानेही लक्षणाला नाव दिले आणि कारणाचा शोध तिथेच थांबवला.

उपचारांनी मामा बरे झाले. कंबरेच्या गोळ्या बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर ऊसतोडही. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती. त्या दिवाळीनंतर मामींबरोबर माझा मामेभाऊ फडावर गेला. निघताना त्याने बाजारातून सामान आणले, त्यात तेल होते, मीठ होते, आणि कंबरेच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती.